मिशीने निवडलेला टॉवेल

मी टॉवेल. केसांचा. अंग पुसायचा नव्हे, पाय पुसायचा तर नव्हेच. या घरच्या मुलाने एकदा घाईत माझ्यावर ओले पाय ठेवले होते. काकूंनी त्याला जे ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे आवाज फार. धाग्याला कोणी विचारत नाही, बाबा रे, तुला काय व्हायचंय. शेजारच्या मागावर चादरी निघत होत्या, या मागावर मी निघालो. सुती धागा, मधाच्या पोळ्यासारखी चौकटी चौकटींची वीण, रंग पांढऱ्याच्या जवळचा, कडेला एक निळी रेघ. अंगाने पातळ. त्याची मला कधी लाज वाटली नव्हती. दुकानात गेल्यावर वाटायला लागली.

दुकानात माझ्या डाव्या हाताला एक गुलाबी टॉवेल होता. गुबगुबीत. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी त्याच्या पोटावरून हात फिरवायचं, "अगंबाई, किती मऊ!" म्हणायचं आणि त्याला घेऊन जायचं. लगेच तसाच दुसरा त्याच्या जागी यायचा. उजव्या हाताला टोपीसारखा शिवलेला एक होता, मागे बटण असलेला. त्याचा तोरा वेगळाच. मला लोक उचलायचे, उजेडाकडे धरायचे, म्हणायचे, "यातून तर पलीकडचं दिसतंय," आणि घडी न घालता टाकून जायचे.

तिथे मी माणसांची एक सवय पाहिली. टॉवेल घ्यायला सगळे कोरड्या हाताने येतात. कोरड्या हाताला मऊ लागला की खूश. टॉवेलचं काम पाण्याशी असतं, हे दुकानात कोणाच्या लक्षात राहत नाही.

एक दिवस एक म्हातारे गृहस्थ आले. डोक्यावर एक केस नाही. मिशी मात्र भरघोस, पांढरी, दोन्ही बाजूंना सारखी. अंगातला शर्ट इतका कडक, की माणूस आत नसता तरी तो उभा राहिला असता. मागाहून कळलं की यांची लाँड्री आहे, आणि गिऱ्हाइकं त्यांना कडककाका म्हणतात. कपड्यांवरूनही म्हणतात आणि स्वभावावरूनही.

"केस पुसायचा टॉवेल दाखवा," काका म्हणाले.

दुकानाच्या बाईंची नजर आपोआप त्यांच्या टकलाकडे गेली. "कोणासाठी?"

"सुनेसाठी. इथपर्यंत आहेत." काकांनी कमरेला हात लावला.

"कसे आहेत? जाड? कुरळे?"

सुनेचे केस निरखून बघणाऱ्यांतले काका नव्हते. त्यांनी दोन्ही पंजे एकमेकांशेजारी धरले. "शर्टाच्या पाठीवर एवढा ओला डाग पडतो. त्यावरून काय ते तुम्ही ठरवा."

बाईंनी गुलाबी टॉवेल पुढे केला. काकांनी त्याच्यावरून हात फिरवला नाही. ते म्हणाले, "पेलाभर पाणी द्या."

"प्यायला?"

"टाकून बघायला."

"अहो, विकत घ्यायच्या आधी?"

"नंतर बघून काय करू?"

बाईंनी पाणी दिलं. काकांनी बोट बुडवून एक थेंब गुलाबीच्या पोटावर सोडला. थेंब मण्यासारखा वर बसून राहिला. "नवीन आहे हो," बाई म्हणाल्या. "चार वेळा धुतला की पाणी टिपायला लागेल."

"मला उद्या पाहिजे."

टोपीवाल्याने थेंब घेतला, पण सावकाश, उपकार केल्यासारखा. मग माझी पाळी आली. थेंब पडला आणि नाहीसा झाला. मला स्वतःलाही कळलं नाही कधी प्यायलो ते.

काकांचं तेवढ्याने समाधान झालं नाही. पाणी टिपणं वेगळं आणि केसांना सांभाळणं वेगळं, असं ते म्हणाले. मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. पेल्यात दोन बोटं बुडवून त्यांनी आपली मिशी ओली केली. चांगली निथळेपर्यंत. आधी गुलाबीने पुसली. मिशीभर गुलाबी तंतू चिकटले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं तोंडावर हात ठेवून हसायला लागली. काकांनी तंतू एकेक करून काढले, पुन्हा मिशी ओली केली, टोपीवाल्याने पुसली. त्याच्या बटणात मिशीचा केस अडकला. काका ओरडले नाहीत, पण डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्यांदा मी.

मी मिशीला नुसता लागलो. दाबलो, सुटलो. मिशी कोरडी झाली आणि होती तशी सरळ बसली.

"हा," काका म्हणाले.

"हा पातळ आहे हो. भेट म्हणून द्यायला तो गुलाबी..."

"भेट नाही. टॉवेल पाहिजे."

माझ्या आयुष्यातला तो पहिला मान. ज्याने मला निवडलं त्याने मला पाणी दाखवून निवडलं. गुलाबीकडे मी वळूनही पाहिलं नाही.

आता घराचं सांगतो. खाली लाँड्री, वर घर. घरात काका, काकू, मुलगा आणि सून. सूनबाई शहराची बस चालवते. पहाटेची पहिली फेरी तिची. उठल्याबरोबर डोक्यावरून पाणी घेतलं नाही तर तिची झोप उतरत नाही. "डोळे मिटून बस चालवू का?" असं ती विचारते. पण केस कमरेपर्यंत, दाट, आणि वाळवायला वेळ नाही. तेव्हा ऊनही आलेलं नसतं. ड्रायर लावला की खालच्या इस्त्र्यांसकट सगळ्या घराची वीज जायची. मग ओले केस तसेच बांधून ती जायची आणि गणवेशाच्या शर्टाची पाठ भिजून जायची. त्या शर्टाला खळ घालून इस्त्री करायचे स्वतः काका.

मी यायच्या आदल्या दिवशी डेपोतल्या साहेबांनी तिला टोकलं होतं. "गणवेश चुरगळलेला का?" ते घरी कळलं आणि काकांनी जेवणाचं ताट बाजूला सरकवलं. त्यांच्या हातचा शर्ट, आणि चुरगळलेला!

"मी केस कापूनच टाकते," सूनबाई म्हणाली. "खांद्यापर्यंत. पुढच्या सुट्टीला केस कापणाऱ्या बाईला घरीच बोलावते."

काकूंनी आकांत केला. त्यांना मुलगी नव्हती. रोज संध्याकाळी सुनेच्या केसांत तेल घालून वेणी घालायची, आणि घालता घालता आळीभरच्या बातम्या सांगायच्या, हे त्यांचं सुख. "कापायचे असतील तर आधी माझे हात कापा!" काकू म्हणाल्या. सूनबाईलाही केस कापायची हौस नव्हती. लहानपणापासून वाढवलेले. पण नोकरी नवीन होती, आणि रोजची बोलणी कोण ऐकून घेणार?

काकांनी चपला घातल्या आणि दुकानात आले. म्हणजे मी कशासाठी आलो ते कळलं ना? केस वाचवायला. सुट्टी यायच्या आत.

आणि घरी आल्याबरोबर घोटाळा झाला.

काका काहीही करतात ते मनापासून करतात. मला तसाच सुनेच्या हातात देणं त्यांना शोभलं नसतं. त्यांनी मला धुतलं. मग दाट खळीच्या भांड्यात बुडवलं. मग टेबलावर पसरून अशी इस्त्री फिरवली, की माझ्या सगळ्या चौकटी चपट्या झाल्या. घडीच्या कडेने भाजी चिरता आली असती. त्यांचा यात काही दोष नाही. त्या घरात बिनखळीची वस्तूच नव्हती. पडदे, उशांचे अभ्रे, हातरुमाल, सगळं ताठ. काकू सांगतात, "पोरगं तान्हं असताना दुपट्यालासुद्धा खळ घातली होती यांनी. पोरगं रडायचं, तर म्हणायचे भूक लागली असेल."

पहाटे सूनबाईने मला हातात घेतलं. डोक्याला गुंडाळायला गेली, मी वळेना. तिने पीळ द्यायचा प्रयत्न केला, मी उलगडलो. शेवटी तिच्या डोक्यावर मी पत्र्याच्या छपरासारखा उभा राहिलो, आणि छपरावरून घसरावं तसं पाणी माझ्यावरून घसरून तिच्या पाठीवर गेलं. मला पाणी समोर दिसत होतं. तहान होती. तोंड मात्र शिवलेलं.

खाली काका जिन्याच्या पायथ्याशी उभे होते. एरवी त्या वेळी ते इस्त्रीपासून हलत नाहीत.

"कसा आहे?"

"छान आहे बाबा."

"हं," काका म्हणाले. काकूंनी नंतर सुनेला सांगितलं, "फार खूश झाले बरं का. हं म्हणाले."

दुसऱ्या दिवसापासून सूनबाईने नवऱ्याचा एक जुना टीशर्ट न्हाणीघरात लपवून ठेवला. गळा सैल, काखेत भोक. मी खुंटीवर ताठ, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती त्या फाटक्याने केस टिपायची. काय वाटलं असेल मला? पण खरं ते सांगायला हवं. तो मन लावून प्यायचा. फक्त जीव केवढासा! अर्ध्या केसांतच भिजून गार व्हायचा. उरलेलं पाणी शर्टावर. डाग दोन पंजांचा होता तो दीड पंजाचा झाला, एवढंच.

"माझा निळा टीशर्ट कुठाय?" एकदा नवऱ्याने दाराबाहेरून विचारलं.

"मांजराने नेला."

"आपल्याकडे मांजर कुठाय?"

"म्हणून तर सापडत नाहीये."

मग तिनेच दार उघडून त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मग बाबांना सांग ना, टॉवेल पाणी टिपत नाही म्हणून."

"तू सांग."

या घरात मुलाने बापाला कपड्यांतलं काही सांगायची पद्धत नव्हती.

"दुकानात मिशी ओली करून आणलाय रे त्यांनी," ती म्हणाली. "त्या बाईंनी आईंना सगळं सांगितलं. लोक हसले तरी हे मिशी पुसत राहिले. आणि आता मी सांगू, बाबा, तुमचा टॉवेल कुचकामी आहे? त्यापेक्षा केस कापलेले बरे. केस परत येतात."

मी खुंटीवर होतो. सगळं ऐकलं. ती काकांचा मान राखत होती, आणि तो राखायला केस देत होती. आणि मी, ज्याला केस वाचवायला आणलं होतं, मी पुठ्ठा होऊन लटकत होतो. मला त्या दिवशी खळीचा जेवढा राग आला तेवढा त्या गुलाबीचाही कधी आला नव्हता.

सुट्टीच्या आदल्या दिवशी काका घरचे कपडे धुवायला घेऊन बसले. काका कपडा वाचतात. शर्टाचा खिसा बघून सांगतात, याची सिगारेट सुटली की नाही. कॉलर बघून सांगतात, हल्ली याला झोप नाही. ढिगातून तो निळा टीशर्ट त्यांच्या हाताला लागला. ओला. मुलाने तर तो कधीचा घातला नव्हता. काकांनी तो उलटा केला. आत एक लांब काळा केस. मग दुसरा. मग बरेच. नाकाशी नेला. शॅम्पूचा वास.

काकांनी टीशर्ट बाजूला ठेवला आणि वर येऊन मला खुंटीवरून काढलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, उजेडाकडे धरलं. माझ्यावर एकही केस नव्हता.

ते मला घेऊन इस्त्रीच्या टेबलापाशी गेले. कपड्यांवर शिंपडायचं पाणी तिथे असतंच. बोट बुडवलं. थेंब सोडला.

थेंब बसून राहिला.

काका वाट बघत राहिले. थेंबही राहिला. मग त्यांनी मला जरासं तिरकं केलं तसा तो माझ्यावरून घरंगळत निळ्या रेघेपर्यंत गेला आणि खाली पडला. जाताना मला ओलंसुद्धा करून गेला नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवून खळीच्या भांड्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काय हो, काय झालं?" काकू गल्ल्यावरून म्हणाल्या.

"काही नाही. गरम पाणी ठेव."

"खळीला?"

"खळ काढायला."

काकूंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. लग्न झाल्यापासून त्यांनी या माणसाच्या तोंडून ते शब्द ऐकले नव्हते.

काकांनी मला गरम पाण्यात बुडवलं. चोळलं, दाबलं, पाणी ओतलं. पाणी दुधासारखं पांढरं निघालं. पुन्हा गरम पाणी. पुन्हा चोळलं. स्वतःच्या हाताने घातलेलं स्वतःच्या हाताने काढत होते. पाणी स्वच्छ निघायला लागलं तसा मी सैल पडलो, माझ्या चौकटी एकेक करून उघडल्या. लहानपण परत आल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी मला पिळून, झटकून, लाँड्रीच्या दारातल्या दोरीवर टाकलं. सुरकुत्यांसकट. शेजारी कडक शर्टांची रांग, आणि मध्ये मी, नुकताच झोपेतून उठल्यासारखा.

समोरच्या शिंप्याने शिलाई थांबवली. "काका, प्रकृती बरी आहे ना?"

"बरी आहे."

"नाही, तुमच्या दोरीवर चुरगळलेला कपडा बघितला म्हणून विचारलं. इस्त्री बिघडली का?"

"नाही."

"मग कोणी गिऱ्हाईक विसरून गेलं असेल."

"घरचा आहे. असाच राहणार."

शिंप्याने बायकोला हाक मारली. "अगं, बाहेर ये लवकर! असं पुन्हा बघायला मिळायचं नाही." ती आली, तिने माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि हसू पदरात लपवलं. रस्त्याने जाणाऱ्या आणखी दोघाचौघांनी विचारलं. काका प्रत्येकाला तेच उत्तर देत इस्त्री करत राहिले. लाँड्रीवाल्याने आपल्या दारात सुरकुत्या टांगणं म्हणजे काय, हे लाँड्रीवाल्यालाच माहीत.

दुसरा दिवस सुट्टीचा. केस कापणारी बाई दुपारी यायची होती. सूनबाई सकाळी न्हायला गेली. टीशर्ट शोधला, जागेवर नव्हता. खुंटीवर मी. तिने उसासा टाकून मला ओढलं आणि तिचा हात थबकला. मऊ. तिने मला डोक्याला गुंडाळून पीळ दिला. मी वळलो. आणि प्यायलो. इतक्या दिवसांची तहान. मुळापासून टोकापर्यंत, एकही थेंब खाली जाऊ दिला नाही. पाठीवर तर नाहीच. ती आरशासमोर उभी राहून एकटीच हसली.

बाहेर आली तर काका दारात. हातात गणवेशाचा शर्ट, नुकती इस्त्री केलेला, गरम.

"घाल."

"बाबा, आज सुट्टी आहे."

"माहीत आहे. घाल."

तिने शर्ट घातला. काका म्हणाले, "केस बांध. चहा पी." तिने केस बांधले, चहा घेतला. काकू मध्येच "अहो, हे काय चाललंय?" म्हणाल्या, त्यांना हातानेच थांबवलं. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून बघत होता. चहाचा कप रिकामा झाला.

"ऊठ. पाठ फिरव."

सूनबाईने पाठ फिरवली. शर्टाची घडी मानेपासून कमरेपर्यंत सरळ, कोरडी, पट्टी लावून आखल्यासारखी. काका जवळ गेले, लांब गेले, एकदा खाली वाकले.

"हं," ते म्हणाले.

"आता तरी सांगता का कोणी मला?" काकू ओरडल्या. "केस राहणार की जाणार?"

सूनबाई वळली. डोळे भरले होते, तोंड हसत होतं. "आई, त्या बाईंना सांगा, नुसती टोकं कापायची आहेत."

काकूंनी तिला कवटाळलं. "बांधलेले केस सोड! सोड म्हणते ना! आत्ताच्या आत्ता वेणी घालते." काका तोवर जिना उतरून गेलेही होते. खालून आवाज आला, "शर्ट काढून नीट टांग. चुरगळेल."

त्याला आता बराच काळ लोटला. सूनबाई अजून पहिली फेरी नेते. डेपोतले साहेब हल्ली बाकीच्यांना तिचा गणवेश दाखवतात. मी पूर्वीपेक्षा मऊ झालोय. निळी रेघ फिकी पडली, एका कडेचे दोरे सुटलेत. घरात बाकी सगळं ताठ आहे, मी एकटा सैल. धुतल्यावर काका स्वतः मला दोरीवर टाकतात आणि खळीचं भांडं माझ्यापासून लांब सरकवतात. तुमच्याकडे माझं एकच मागणं. टॉवेल घ्यायला जाल तेव्हा त्याला पाणी दाखवा. आणि घरी आणलात की त्याला नटवू नका. तो कामाला आलाय.

एक गोष्ट राहिली. माझा एक कोपरा रोज आधीच ओला असतो, सूनबाई उठायच्याही आधी. कोणाला माहीत नव्हतं. परवा तिने मला झटकलं तेव्हा तिच्या लांब काळ्या केसांबरोबर त्या कोपऱ्यातून एक आखूड, जाड, पांढरा केस निघाला. तिने तो उजेडाकडे धरला. सासऱ्यांच्या हाताखाली राहून तीही आता कपडा वाचते.

खाली गेल्यावर ती काकांसमोर क्षणभर थांबली.

"बाबा, आज मिशी छान दिसतेय."

काकांनी इस्त्रीवरून मान वर केली नाही. "बस चुकेल तुझी."

"बस माझ्याशिवाय कशी जाईल?" ती हसत म्हणाली आणि गेली.

काकांनी तिची पाठ रस्त्याच्या वळणापर्यंत पाहिली. कोरडी होती. मग डाव्या हाताने मिशी एकदा सरळ केली.